तिखटाच्या वाटेने वेदनेच्या रेणूपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत युरोपातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांमध्ये त्वचेविषयी एक वाद चालू होता, आणि वेदनेशी संबंधित रेणूंचा जो शोध पुढे शंभर वर्षांनी लागला त्याची पूर्वपीठिका या वादात सापडते. स्पर्श, ऊब आणि गारवा यांच्याप्रमाणे वेदना ही स्वतंत्र संवेदना असून तिच्यासाठी त्वचेत निराळी यंत्रणा असते, की कोणतीही संवेदना प्रमाणाबाहेर तीव्र झाली म्हणजे तिचेच रूपांतर वेदनेत होते, असा तो प्रश्न होता. स्वीडनमधील उप्साला येथे माग्नुस ब्लिक्स यांनी त्वचेवर सूक्ष्म विद्युतप्रवाह देऊन असे दाखवले की काही ठरावीक बिंदूंवर फक्त गारवा जाणवतो आणि काहींवर फक्त ऊब. बर्लिनच्या आल्फ्रेड गोल्डशायडर यांनाही १८८४ मध्ये स्वतंत्रपणे तेच आढळले. पुढे १८९४ ते १८९६ या काळात लायप्झिगचे माक्स फोन फ्राय यांनी काडीच्या टोकाला केस चिकटवून, तो किती जोर लावला असता वाकतो हे आधी मोजून घेऊन, त्वचेचा कण न् कण तपासला आणि स्पर्शबिंदूंहून वेगळे असे वेदनाबिंदू दाखवून दिले. त्वचेच्या वरच्या थरात कोणत्याही आवरणाशिवाय उघड्याच संपणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांना त्यांनी वेदनेचे काम सोपवले. त्याला सर्वांत ठाम विरोध केला तो गोल्डशायडर यांनीच. ऊब आणि गारवा यांना ज्यांनी स्वतः बिंदू मिळवून दिले त्यांनी वेदनेला मात्र तो मान नाकारावा, हा या वादातला चमत्कारिक भाग होय.

चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ च्या आपल्या ग्रंथात या वादाला नवे वळण दिले. उतींना इजा करणाऱ्या किंवा इजेचा धोका असणाऱ्या उद्दीपनाला प्रतिसाद देणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांना त्यांनी वेगळे नाव दिले, ज्यांना मराठीत वेदनाग्राही म्हटले जाते. पण तसे करताना त्यांनी एक अडचणही स्पष्टपणे मांडली. डोळ्यातील ग्राही पेशी प्रकाश टिपतात आणि कानातील पेशी कंपने टिपतात, म्हणजे प्रत्येकीचे उद्दीपन भौतिकदृष्ट्या एकाच जातीचे असते. परंतु टोचणारी सुई, तापलेला तवा आणि सांडलेले आम्ल यांच्यात भौतिकदृष्ट्या काहीच समान नाही, समान आहे तो केवळ त्यांच्यापासून संभवणारा अपाय. अपाय ही काही मोजता येणारी भौतिक राशी नव्हे, मग ती टिपणारा रेणू कसा असेल, हा प्रश्न शेरिंग्टन यांच्या काळात विचारण्याचीही सोय नव्हती, कारण अशा रेणूंची कल्पनाच तेव्हा बाल्यावस्थेत होती.

त्यानंतरची साठ वर्षे प्रामुख्याने विद्युतमापनाची होती. अमेरिकेतील सेंट लुइस येथे जोसेफ अर्लँगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी ऋणकिरण दोलनदर्शकाच्या साहाय्याने चेतातंतूंचे त्यांच्या जाडीनुसार आणि संदेशवहनाच्या वेगानुसार वर्ग पाडले, ज्यासाठी त्यांना १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेतील वेदनेचे संदेश यांपैकी दोन वर्गांतून जातात असे हळूहळू स्पष्ट झाले: एक वर्ग मायलिन या मेदमय आवरणाचा पातळ थर असलेल्या तंतूंचा, ज्यांतून संदेश सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने जातो, आणि दुसरा वर्ग आवरणच नसलेल्या अतिसूक्ष्म तंतूंचा, ज्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर असतो. पायाला ठेच लागल्यावर आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने मागाहून ठणका सुरू होतो, त्याचे कारण वेगांतील ही तफावत आहे. अखेर १९६७ मध्ये यूटा विद्यापीठातील पॉल बर्जेस आणि एडवर्ड पर्ल यांनी मांजराच्या त्वचेतील एकेका तंतूचे मापन करून असे तंतू दाखवले की जे साध्या स्पर्शाला ढिम्म राहतात आणि इजेच्या पातळीचा दाब पडला तरच जागे होतात; दोन वर्षांनी बेसू आणि पर्ल यांनी आवरणहीन तंतूंमध्ये उष्णता, दाब आणि रसायने या तिन्हींना प्रतिसाद देणारे वेदनाग्राही दाखवून दिले. फोन फ्राय यांचा पक्ष तत्त्वतः खरा ठरला होता.

तंतू सापडला तरी त्याच्या टोकाशी नेमके काय घडते हे विद्युताग्रातून दिसत नव्हते. येथे डोळ्याच्या अभ्यासकांना जी सोय लाभली ती वेदनेच्या अभ्यासकांना नव्हती. दृष्टिपटलात प्रकाश टिपणारे ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन इतके विपुल असते की ते वेगळे काढून काचेच्या नळीत तपासता येते. त्वचेतील चेताग्रे मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही बारीक असतात, त्वचेच्या इतर पेशींमध्ये ती विखुरलेली असतात, आणि ज्या पेशींची ती टोके असतात त्या पेशी दूर, मेरुरज्जूच्या दोन्ही बाजूंस असलेल्या छोट्या चेतागुच्छिकांत दडलेल्या असतात. उष्णतेचा ग्राही शोधायचा तर उष्णता हे साधनही कुचकामी होते, कारण ती प्रत्येक रेणूला हलवते आणि कोणत्याच रेणूला खूण करून ठेवत नाही. गरज होती ती अशा पदार्थाची, जो फक्त वेदनेच्या तंतूंना ओळखतो आणि त्यांतल्या नेमक्या एका रेणूला जाऊन चिकटतो. तो पदार्थ स्वयंपाकघरात चारशे वर्षे पडून होता.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि तुर्कांच्या वाटेने हंगेरीत पोहोचून पाप्रिका झाली. तिच्यातील तिखट द्रव्याला १८७६ मध्ये जॉन थ्रेश या इंग्रज रसायनज्ञाने कॅप्सेसीन हे नाव दिले, आणि अवघ्या दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, एन्द्रे होद्येश या हंगेरियन वैद्यकशास्त्रज्ञाने मिरचीच्या अर्काचे प्राण्यांवरील परिणाम प्रसिद्ध केले. हा अर्क संवेदी चेतातंतूंवर परिणाम करतो आणि त्याने आग होते, एवढे तर कोणीही सांगितले असते; परंतु अर्क दिलेल्या प्राण्यांचे शरीर तापण्याऐवजी थंड पडते, ही त्यांची नोंद विलक्षण होती. होद्येश पुढे रेबीजच्या लशीवरील कामासाठी प्रसिद्धीस आले आणि त्यांचे हे निरीक्षण पुढील कित्येक दशके अभ्यासकांच्या विस्मृतीत राहिले.

सेगेद हे दक्षिण हंगेरीतील पाप्रिकाचे गाव. याच गावच्या विद्यापीठात आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० च्या दशकात पाप्रिकापासून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे काढले. औषधशास्त्राचे प्राध्यापक मिक्लोश यान्चो यांचे लक्ष १९४० च्या दशकात त्याच फळाच्या तिखटपणाकडे गेले, आणि त्यांना जे आढळले ते अपेक्षेच्या नेमके उलट होते. कॅप्सेसीनच्या वाढत्या मात्रा दिलेल्या उंदरांची आणि गिनीपिगांची आधी तडफड होत असे, परंतु त्यानंतर त्यांच्या डोळ्यांत मिरची घाला किंवा मोहरीचे तेल घाला, ते डोळा पुसायलाही पंजा उचलत नसत. त्याच डोळ्याच्या बुबुळाला केसाने स्पर्श केला तर मात्र पापणी पूर्वीसारखीच मिटत असे. म्हणजे हा पदार्थ सबंध चेतातंत्र बधिर करत नव्हता. स्पर्श शाबूत ठेवून तो केवळ रासायनिक दाह टिपणारी चेताग्रे बाद करत होता. या एका निरीक्षणात पुढच्या अर्ध्या शतकाचा कार्यक्रम सामावलेला होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

यान्चो यांचे निष्कर्ष बाहेरच्या जगात पोहोचण्यास विलंब लागला, कारण युद्ध, युद्धोत्तर हंगेरीचे एकाकीपण आणि हंगेरियन भाषा हे तिन्ही अडसर एकाच वेळी आडवे आले होते. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची पत्नी व सहसंशोधक आउरेलिया यान्चो-गाबोर आणि विद्यार्थी यानोश सोलचानी यांच्यासह लिहिलेला महत्त्वाचा लेख १९६७ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोहरीच्या तेलाने त्वचा लाल होते व सुजते, परंतु त्या भागाची चेता तोडून ती झडू दिली किंवा प्राण्याला आधी कॅप्सेसीन दिले तर ही सूज येतच नाही, असे त्यात दाखवले होते. याचा अर्थ असा की वेदनेची चेताग्रे केवळ बातमी वर पाठवत नाहीत, तर स्वतः रसायने सोडून जागेवरच दाह उत्पन्न करतात. सोलचानी आणि यान्चो-गाबोर यांनी १९७५ च्या सुमारास कॅप्सेसीनच्या रेणूत थोडे थोडे फेरफार करून कोणता रेणू तिखट लागतो आणि कोणता लागत नाही याची पद्धतशीर तुलना केली आणि चेताग्रांवर कॅप्सेसीनसाठी एक ठरावीक आकाराची जागा, म्हणजे ग्राही, असली पाहिजे असा तर्क मांडला. तिखटपणा मोजण्याचे त्यांचे मुख्य साधन म्हणजे उंदीर आपला डोळा किती वेळा पुसतो याची मोजणी हे होते. साधन ओबडधोबड, पण निष्कर्ष अचूक.

तरीही ग्राही असतोच याबद्दल सर्वांची खात्री पटलेली नव्हती, कारण कॅप्सेसीन मेदात सहज विरघळते आणि ते पेशीच्या मेदमय आवरणालाच विस्कटत असावे, ही शंका निराधार म्हणता येत नव्हती. शंका फेडणारे पुरावे दोन दिशांनी आले. मोरोक्कोतील निवडुंगासारख्या दिसणाऱ्या एका शेराच्या जातीच्या चिकात रेझिनिफेराटॉक्सिन नावाचे द्रव्य असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील आर्पाद सालाशी, जे स्वतः हंगेरियन होते, आणि पीटर ब्लंबर्ग यांनी हे द्रव्य कॅप्सेसीनचेच, पण हजारो पटींनी जालीम, भावंड असल्याचे दाखवले आणि १९९० मध्ये त्याला किरणोत्सारी खूण जोडून ते संवेदी चेतापेशींना विशिष्ट जागीच चिकटते हे सिद्ध केले. दुसरीकडे लंडनमध्ये स्टुअर्ट बेव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅप्सेसीनमुळे पेशीत विद्युतभारित कणांचा, म्हणजे आयनांचा, प्रवाह सुरू होतो असे मोजून दाखवले आणि १९९२ मध्ये कॅप्सेसीनची जागा अडवणारा कॅप्साझेपीन हा कृत्रिम पदार्थ जाहीर केला. पेशीच्या आवरणात आरपार बसलेली, विशिष्ट प्रसंगी उघडून आयनांना आत येऊ देणारी जी प्रथिने असतात त्यांना आयन वाहिन्या म्हणतात. कॅप्सेसीनचा ग्राही ही अशीच एक वाहिनी असणार, हे आता उघड होते. उरला होता तो तिचा जनुक.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने या कामासाठी योजलेली रीत कल्पकतेपेक्षा चिकाटीची परीक्षा पाहणारी होती. मायकेल कॅटरिना आणि सहकाऱ्यांनी संवेदी चेतागुच्छिकांमध्ये जे जनुक कार्यरत असतात त्यांच्या डीएनए प्रतींचा संग्रह तयार केला, त्याचे सुमारे १६,००० प्रतींचे एकेक गट पाडले आणि ते गट अशा पेशींमध्ये घातले की ज्यांना कॅप्सेसीनचा एरवी काहीच परिणाम होत नाही. पेशीत कॅल्शियम शिरले की चमक बदलणारा रंग आधीच आत भरून ठेवलेला होता. गटामागून गट निरुत्तर राहिले. शेवटी एका गटातील मोजक्या पेशी कॅप्सेसीनचा थेंब पडताच उजळल्या, आणि त्या गटाचे पुन्हा पुन्हा उपगट पाडत जाता अखेर एकच जनुक हाती राहिला. त्याने घडवलेले प्रथिन ८३८ अमिनो आम्लांचे होते. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला, ती वाहिनी आज टीआरपीव्ही१ या नावाने ओळखली जाते.

नावातील पहिल्या तीन अक्षरांचा संबंध फळमाशीच्या डोळ्याशी आहे, कारण या प्रथिनाची रचना माशीच्या दृष्टीत भाग घेणाऱ्या, १९८९ मध्ये सापडलेल्या एका वाहिनीशी जुळणारी निघाली. परंतु शोधाचे खरे मर्म एका साध्या प्रयोगात होते: कॅप्सेसीन न देता, पेशींवरचे पाणी फक्त तापवत नेले, आणि सुमारे ४३ अंश सेल्सियसला वाहिनी आपोआप उघडली. माणसाला उष्णता सुखद वाटण्याचे थांबून ती झोंबू लागते ती साधारण याच तापमानाला. मिरचीने तोंड भाजते, ते भाजणे नुसते बोलण्यापुरते नाही. मेंदूला मिळणारा संदेश शब्दशः पोळल्याचाच असतो, कारण दोन्ही प्रसंगी उघडणारे दार एकच असते. माकोतो तोमिनागा यांनी पुढच्याच वर्षी दाखवले की आम्लानेही ही वाहिनी उघडते, आणि जखमेत वा सुजेत ऊती आम्लधर्मी होतातच. सुजलेल्या जागी जमा होणारी ब्रॅडिकिनिन आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये तिचा उंबरठा इतका खाली आणतात की उन्हाने पोळलेल्या पाठीवर कोमट पाणीही चटका देते. शेरिंग्टन यांच्या कोड्याचे निदान अर्धे उत्तर येथे मिळाले: अपाय ही राशी कोणताही रेणू मोजत नाही, पण अपायासोबत हटकून येणाऱ्या दोन-तीन गोष्टींना एकच रेणू प्रतिसाद देऊ शकतो. पक्ष्यांमध्ये याच वाहिनीची घडण थोडी निराळी असल्याने ती उष्णतेला उघडते पण कॅप्सेसीनला दाद देत नाही, हे २००२ मध्ये कोंबडीच्या जनुकावरून सिद्ध झाले, आणि पोपट मिरच्या बिनदिक्कत कसा खातो याचाही उलगडा झाला.

प्रत्येक झणझणीत पदार्थ याच दाराने आत येतो असे मात्र नाही. मोहरीचे दाणे नुसते चावले तर फारसे झोंबत नाहीत, पण पाण्याबरोबर वाटून फेसले की ती नाकात चढते. कारण दाणा फुटल्यावर त्यातील एक विकर दुसऱ्या द्रव्यावर क्रिया करून झोंबणारे तेल त्या वेळी तयार करते. यान्चो ज्या मोहरीच्या तेलाने उंदरांची परीक्षा घेत होते त्याचा ग्राही २००४ मध्ये सापडला. टीआरपीए१ ही ती वाहिनी, आणि तिची तऱ्हा आणखी वेगळी: किल्ली कुलपात बसावी तसे कॅप्सेसीन आपल्या जागी बसते, तर मोहरीचे तेल या वाहिनीतील गंधकयुक्त अमिनो आम्लाशी रासायनिक बंधच जोडते. लसूण, धूर आणि अश्रुधूर यांतील दाहक द्रव्येही तीच ओळखते.

दार उघडल्याने पेशीत जो प्रवाह येतो तो अगदी क्षीण असतो. तो मेरुरज्जूपर्यंत जावा यासाठी सोडियम वाहिन्यांनी त्याचे वर्धन करावे लागते. त्यांतील एनएव्ही१.७ या वाहिनीचे माहात्म्य प्रयोगशाळेत नव्हे, तर माणसांच्या कुटुंबांत समजले. २००४ मध्ये चीनमधील कुटुंबांच्या अभ्यासातून असे आढळले की हातापायांची असह्य आग होणाऱ्या एका आनुवंशिक विकारात या वाहिनीच्या जनुकात बिघाड असतो. दोनच वर्षांनी केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या गटाने उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, ज्यांतील काही मुलांना जन्मापासून वेदना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. या शोधाचा माग ज्याच्यामुळे लागला तो दहा वर्षांचा मुलगा दंडातून सुरे आरपार घालून आणि निखाऱ्यांवर चालून रस्त्यावर खेळ करत असे. पुढे, घराच्या छपरावरून उडी मारल्याने, त्याचा मृत्यू झाला. त्या मुलांना स्पर्श, ऊब आणि गारवा सर्व काही कळत होते. एकच जनुक निकामी झाल्याने वेदना तेवढी पुसली जावी, हा फोन फ्राय यांच्या बाजूने मिळालेला इतका कठोर पुरावा होता की त्यापुढे प्रयोगशाळेतील मापने फिकी पडावीत.

औषध कंपन्यांनी या शोधांकडून जी आशा बाळगली होती तिचा पहिला भर टीआरपीव्ही१ अडवणाऱ्या गोळ्यांवर होता, आणि त्या गोळ्यांनी स्वयंसेवकांना ताप आणला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तो ४० अंशांच्याही वर गेला. वेदना टिपणारी वाहिनी शरीराच्या तापनियमनातही गुंतलेली आहे, तेव्हा ती उघडली तर शरीर थंड पडणार आणि अडवली तर तापणार, हे होद्येश यांच्या १८७८ च्या नोंदीत अर्धे लिहून ठेवलेले होते आणि यान्चो-गाबोर व सोलचानी यांनी १९७० मध्ये कॅप्सेसीन दिलेल्या उंदरांना उकाडा सोसत नाही असे दाखवून तिला दुजोराही दिला होता. जुने साहित्य चाळण्याचा आळस विज्ञानात किती महाग पडू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. मात्र उलट युक्ती, म्हणजे वाहिनी अडवण्याऐवजी तिला कॅप्सेसीनने थकवून चेताग्र निष्क्रिय करण्याची यान्चो यांची मूळ कल्पना, यशस्वी ठरली. कॅप्सेसीनची ८ टक्के मात्रा असलेली पट्टी २००९ मध्ये नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेवर वापरात आली.

सुईच्या टोचण्याचे कोडे यापेक्षा अवघड निघाले. आर्डेम पाटापुटियन आणि बेर्त्राँ कोस्त यांनी २०१० मध्ये, काचेच्या सुईने ढोसल्यावर विद्युतप्रवाह देणाऱ्या पेशी निवडून, त्यांतील ७२ संशयित जनुक एकामागून एक निष्क्रिय करत नेले आणि शेवटच्या जनुकाला प्रवाह थांबला. त्यातून पिएझो या जातीच्या वाहिन्या सापडल्या. परंतु पिएझो२ ही मुख्यतः हळुवार स्पर्शाची वाहिनी ठरली. ती जन्मतः नसलेल्या माणसांना सुजलेल्या त्वचेवर हलके बोट फिरवल्याची वेदना होत नाही, पण टोचल्याची वेदना होतेच. ती टिपणारी प्रमुख वाहिनी कोणती, यावर आजही एकमत नाही. १९९७ च्या वाहिनीबाबतही असेच घडले होते: ती काढून टाकलेल्या उंदरांना सुजेतील वाढीव दाह जाणवेनासा झाला, पण चटका जाणवत राहिला, आणि २०१८ मध्ये कळले की तीव्र उष्णतेसाठी टीआरपीव्ही१, टीआरपीए१ आणि टीआरपीएम३ या तीन वाहिन्या एकमेकींची उणीव भरून काढतात. २०१९ मध्ये तर स्टॉकहोमच्या पॅट्रिक अर्नफोर्स यांच्या गटाने दाखवले की उंदराच्या त्वचेतील वेदनातंतूंची टोके पूर्णपणे उघडी नसून चेतातंतूंना आधार देणाऱ्या श्वान पेशींच्या एका जाळ्यात गुंफलेली असतात आणि त्या पेशी स्वतःही दाब टिपतात. सव्वाशे वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले गेलेले उघड्या टोकांचे चित्र त्यामुळे दुरुस्त करावे लागणार आहे.

ज्युलियस आणि पाटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि गौरवपत्रातील शब्द तापमान व स्पर्श यांच्या ग्राहींविषयी होते, वेदनेचा त्यांत उल्लेख नव्हता. यान्चो यांना जाऊन तेव्हा पंचावन्न वर्षे लोटली होती. वेदनातंतूंतील आणखी एका सोडियम वाहिनीला, एनएव्ही१.८ ला, अडवणारे सुझेट्रिजिन हे औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी मंजूर केले, आणि ते अफूजन्य औषधांप्रमाणे व्यसन लावत नाही असे मानले जाते; परंतु कण्यातून पायात उतरणाऱ्या जुनाट वेदनेवरील त्याच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांना जितका आराम पडला, जवळजवळ तितकाच औषधहीन गोळी घेणाऱ्यांनाही पडला.